स्तनाचा कॅन्सर पसरल्यावर जनुक-तपासणी: कोणत्या नमुन्यावर, कधी, आणि रिपोर्टात नेमकं काय बघायचं?

खारघरकर

‘एनजीएस (अनेक जनुकं एकदम वाचणारी तपासणी) केलं, चाळीस पानांचा रिपोर्ट आला, आता पुढे काय?’ हा प्रश्न या मंचावर दर महिन्याला कोणीतरी विचारतं आणि चौथ्या प्रतिसादापर्यंत गाडी गव्हांकुराच्या रसावर जाते. म्हणून एका जागी नीट लिहून ठेवू. पॅथॉलॉजीवाले, लॅबवाले, समुपदेशक, सगळ्यांनी भर घाला. अनुभवकथन नको, त्याचे वेगळे धागे आहेत.

मूळ प्रश्न असा: स्तनातली गाठ आणि मणक्यात किंवा यकृतात सापडलेली गाठ एकाच पेशीची लेकरं. मग त्यांची जनुकं वेगळी का निघावीत? आणि निघाली तर औषध बदलतं का?

१८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी चाळल्या आणि मांडलं की बी सगळीकडे पडतं, पण रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. ते आजही टिकून आहे. हॉर्मोन-पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेनसारख्या हॉर्मोनवर वाढणारी) गाठ हाडं धरते आणि दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढू शकते. ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू हे तिन्ही रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी प्रथिनं, नसलेली) फुप्फुसाकडे आणि मेंदूकडे जाते, बहुधा पहिल्या तीन ते पाच वर्षांत. हर-टू पॉझिटिव्हचा ओढा यकृत आणि मेंदूकडे. लोब्युलर प्रकारात सीडीएच१ हे जनुक बिघडतं, पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन बनत नाही, आणि पेशी एकेकट्या रांगेने सरकत पोटाच्या पडद्यावर, आतड्यावर, अंडाशयावर पातळ थर धरतात. गोळा नसल्यामुळे पेट स्कॅनला ते बरेचदा दिसत नाही.

‘पसरवणारं जनुक’ असं एखादं सापडेल आणि ते बंद केलं की झालं, ही आशा मात्र फळली नाही. २०१७ साली १७० रुग्णांच्या मूळ आणि परत आलेल्या गाठींची जनुकं शेजारी ठेवून पाहिली गेली. मूळ गाठीतले मुख्य बिघाड परत आलेल्या गाठीत बहुतेक तसेच होते. वर नवे काही चढलेले. म्हणजे खोड तेच, फांद्या नव्या. उपचाराच्या दृष्टीने या नव्या फांद्याच महत्त्वाच्या, कारण त्यातल्या काही आपण दिलेल्या औषधामुळेच निवडल्या जातात.

ठळक उदाहरण ईएसआर१. हे इस्ट्रोजेन रिसेप्टरचं जनुक. उपचार न झालेल्या मूळ गाठीत याची म्युटेशन (जनुकातला बदल) क्वचित सापडते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोलसारख्या गोळ्या बराच काळ चालल्यावर पसरलेल्या आजारात २० ते ४०% जणींमध्ये सापडते. गोळीने इस्ट्रोजेन तोडलं, तर रिसेप्टर स्वतःच कायमचा ‘चालू’ स्थितीत जाऊन बसला (डी५३८जी आणि वाय५३७एस या दोन जागा सगळ्यात जास्त दिसतात). मग पाच वर्षांपूर्वीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावर) ईएसआर१ शोधून काय मिळणार? ज्या औषधामुळे ती उगवते ते त्या गाठीने पाहिलेलंच नव्हतं.

चाळीस पानांतून आजच्या घडीला औषध खरोखर बदलणाऱ्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या. हॉर्मोन-पॉझिटिव्हमध्ये पीआयके३सीए, एकेटी१, पीटीईएन आणि ईएसआर१. हर-टू निगेटिव्हच्या कुठल्याही प्रकारात जन्मजात बीआरसीए१, बीआरसीए२. आणि रिसेप्टर: ईआर (इस्ट्रोजेनचा), पीआर (प्रोजेस्टेरॉनचा), हर-टू. ट्रिपल निगेटिव्हला पीडी-एल१ हे प्रथिन (२२सी३ या अँटिबॉडीने सीपीएस हा गुण १० किंवा जास्त), पण ती जनुक-चाचणी नव्हे, स्लाइडवरचा रंग आहे. टीपी५३ हे जनुक बऱ्याच रिपोर्टांत लाल अक्षरात असतं. त्यावर आज स्तनाच्या कॅन्सरसाठी मान्य औषध नाही, त्यामुळे ते बघून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका.

सूक्ष्मदर्शी

खारघरकरांनी रिसेप्टर शेवटी लिहिले, मी आधी घेतो. लाखभर रुपयांच्या जनुक-पॅनेलच्या आधी नव्या जागेची बायोप्सी आणि ईआर-पीआर-हर-टू परत, एवढं जरी झालं तरी पुष्कळ. मूळ आणि पसरलेली गाठ यांत ईआर साधारण पाचांत एकीचा बदलतो, पीआर जवळपास तिघींत एकीचा, हर-टू दहांत एकीचा. शिवाय ती गाठ स्तनाच्याच कॅन्सरची आहे ना, तेही कळतं. आपल्याकडे फुप्फुसातली किंवा मणक्यातली गाठ टीबी निघणं यात नवल काहीच नाही.

हर-टूचा आकडा नीट वाचा. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आला तर फिश (जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी) केल्याशिवाय निकाल अर्धवट. आणि १+, किंवा २+ पण फिश निगेटिव्ह, याला आता ‘हर-टू लो’ म्हणतात. पूर्वी या सगळ्या जणी निगेटिव्हच्या खात्यात जात. २०२२ साली ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकनच्या चाचणीत या गटात सरासरी आयुष्य १६.८ महिन्यांवरून २३.४ महिन्यांवर गेलं. म्हणून जुन्या रिपोर्टात नुसतं ‘निगेटिव्ह’ असेल तर विचारा: ० की १+? स्लाइड परत बघून घेता येते, नवी सुई लागत नाही.

आता नमुना कुठे बिघडतो ते. तुकडा काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत एक तासाच्या आत. १०% न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट तरी. मुरवण ६ तासांपेक्षा कमी नको, ७२ तासांपेक्षा जास्त नको. फॉर्मॅलिन ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं. सुईच्या बायोप्सीला काही अडचण नाही. पण शनिवारी दुपारी काढलेला अख्खा स्तन न चिरता डब्यात टाकला आणि सोमवारी सकाळी कापला, तर बाहेरून छान मुरलेला, आत मऊ कुजलेला. मधल्या गाठीत ईआर ‘निगेटिव्ह’ दिसतो तो अशामुळेही. चिरे ५ मिलिमीटरचे, त्याच दिवशी. आणि पातळ द्रावण भरायला सोपं म्हणून नॉर्मल सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा येतो ना, तो परत पाठवावासा वाटतो.

हाडाची बायोप्सी हा वेगळाच घोळ. हाड कापता यावं म्हणून चुना काढतात, आणि घाई असेल तर हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक आम्लात. आम्ल डीएनएचे तुकडे तुकडे करतं. फिश आणि एनजीएस दोन्ही फसतात, ईआरही खोटा उतरू शकतो. ईडीटीए या सौम्य द्रव्यात चुना काढला तर सुईच्या तुकड्याला एक-दोन दिवस जादा लागतात, पण डीएनए शाबूत राहतो. बायोप्सीच्या अर्जावर ठळक अक्षरात ‘ईडीटीए डिकॅल, जनुक-तपासणी नियोजित’ असं लिहून घ्या. नंतर फोन करून उपयोग नसतो, आम्लात पडलेलं परत येत नाही. हाडातही जिथे मऊ भाग बाहेर आलाय तिथली सुई मिळाली तर उत्तम, चुना काढायची गरजच नाही.

निळी_शाई

हा धागा जपून ठेवण्यासारखा आहे. दोन शंका.
१) आजार फक्त हाडात असेल आणि जागा सुईला अवघड असेल, तर रक्तावरून भागेल का?
२) सुई लावली की गाठ ‘उठते’ आणि पसरते असं घराघरात ऐकू येतं. यात तथ्य किती?

सूक्ष्मदर्शी

दुसऱ्याचं उत्तर: सुईच्या मार्गात काही पेशी सांडतात हे खरं, पण त्यामुळे आयुष्य घटतं असं दिसलेलं नाही. पेशी रक्तात सुटतात त्या सुईची वाट न बघता. उलट सुई टाळून थेट गाठ काढायला गेलेल्या बाईचं नुकसान ठरलेलं, कारण कुठलं औषध आधी द्यायचं हेच कळत नाही. पहिल्या शंकेसाठी ‘दोन फिरक्या’ येतीलच.

दोन_फिरक्या

आलोच. रक्ताच्या तपासणीला ‘लिक्विड बायोप्सी’ म्हणतात, नाव जरा भारदस्त आहे. प्रत्यक्षात मरणाऱ्या पेशींमधून प्लाझ्मात सांडलेले डीएनएचे तुकडे, साधारण १६०-१७० अक्षरांचे, रक्तात त्यांचं अर्धायुष्य दोन तासांहूनही कमी. त्यात गाठीचा वाटा किती, यावर सगळं अवलंबून.

आकड्यांत बघा. १० मिली रक्तातून प्लाझ्मा ४ ते ५ मिली. त्यातून समजा २० नॅनोग्रॅम डीएनए मिळाला. एका नॅनोग्रॅममध्ये जनुकसंचाच्या साधारण ३०० प्रती, म्हणजे २० नॅनोग्रॅममध्ये सहा हजार. म्युटेशन ०.१% असेल तर आख्ख्या नळीत तसे रेणू सहा. लायब्ररी (मशीनला वाचता येईल असा तयार केलेला डीएनए) बनवताना निम्मे हरवले तर तीन. तीन रेणू कधी सापडतात, कधी नाही. मशीन कितीही महाग आणा, नळीत नसलेला रेणू ते वाचणार नाही. म्हणून ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घेऊ नये. आजार थोडा असेल, फक्त हाडात असेल, किंवा औषध नुकतं लागू पडलं असेल, तर रक्त कोरडंच येतं. फक्त मेंदूत असेल तर आणखीच; तिथला डीएनए रक्तात फारसा उतरत नाही, पाठीच्या पाण्यात सापडण्याची शक्यता जास्त.

त्यामुळे रक्त कधी काढायचं? आजार वाढतोय असं स्कॅन सांगतोय, जुनं औषध थांबलंय, नवं सुरू व्हायचंय, त्या फटीत. नव्या औषधाचा दुसरा महिना चालू असताना काढलेलं रक्त म्हणजे बहुधा वाया.

नळी. साध्या जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत काढलं तर काही तासांतच प्लाझ्मा वेगळा व्हायला हवा, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि आपले सहा रेणू पन्नास हजारांत बुडतात. मुंबईत कलेक्शन सेंटर विरारला, लॅब दुसऱ्या टोकाला, त्यामुळे पेशी न फुटू देणारं द्रव्य असलेली खास नळी लागते (स्ट्रेक हे नाव कानावर पडलं असेल). ती पूर्ण भरायची, हलक्या हाताने ८ ते १० वेळा उलटीपालटी करायची, झटकायची नाही. कंपनी ६ ते ३७ अंशांत चौदा दिवस टिकते म्हणते. दोन चुका नेहमीच्या: पोऱ्या आपुलकीने बर्फाच्या पिशवीत ठेवतो, किंवा मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दुपारभर फिरवतो. दोन्हींत पेशी फुटतात. नळी आली की लॅबने प्लाझ्मा गुलाबी-लाल आहे का बघायचं. असेल तर पुन्हा रक्त मागायचं, लाजायचं नाही.

मग सेंट्रिफ्यूजमध्ये दोन फिरक्या: पहिली १६०० जी (फिरकीचा जोर), दहा मिनिटं. वरचा प्लाझ्मा उचलताना पांढऱ्या थराच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून द्यायचा, लोभ करायचा नाही. दुसरी १६,००० जी, दहा मिनिटं, उरलेसुरले पेशींचे अवशेष तळाला. पुढे उणे ८० अंशांत साठवण.

आणि खोटं पॉझिटिव्ह. वय वाढलं की अस्थिमज्जेतल्या काही पेशींत आपोआप म्युटेशन येतात: डीएनएमटी३ए, टेट२, एएसएक्सएल१, कधी टीपी५३ सुद्धा. त्यांचा गाठीशी संबंध नाही, पण प्लाझ्मात त्या दिसतात. त्याच नळीतल्या पांढऱ्या पेशी शेजारी वाचल्या तर भानगड सुटते. रिपोर्टमध्ये ‘पांढऱ्या पेशींशी पडताळणी केली’ असं वाक्य आहे का, बघा.

खारघरकर

+१. मेंदूबद्दल जोड: २०१५ साली निरनिराळ्या कॅन्सरच्या ८६ जणांच्या मेंदूतल्या गाठी त्यांच्याच मूळ गाठींशी ताडल्या. ५३% जणांच्या मेंदूतल्या गाठीत उपचाराला दिशा देईल असा बदल होता जो मूळ गाठीच्या नमुन्यात नव्हता. त्यामुळे मेंदूतली गाठ सर्जनने काढलीच, तर ती फक्त ‘मेटास्टॅटिक कार्सिनोमा’ असा शेरा मारून कपाटात ठेवू नये.

रुळावरची_बाई

मग दर तीन महिन्यांनी रक्त काढून ईएसआर१ बघत राहावं का? स्कॅनच्या आधी कळलं तर आधी औषध बदलता येईल, हे सरळ वाटतं.

खारघरकर

वाटतं सरळ, आहे तिढ्याचं. २०२५ मधल्या सेरेना-६ चाचणीत नेमकं हेच केलं. पहिल्या फळीत एआय गोळी (लेट्रोझोलसारखी, इस्ट्रोजेन तोडणारी) आणि सीडीके४/६ ही पेशी-विभाजन चालवणारी प्रथिनं रोखणारं औषध चालू, स्कॅन शांत, पण रक्तात ईएसआर१ उगवली; तेव्हा एआय काढून कॅमिझेस्ट्रंट हे इस्ट्रोजेन रिसेप्टरवरचं औषध दिलं. आजार स्थिर राहण्याचा काळ ९.२ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. पण आयुष्य वाढतं का, याचं उत्तर या निकालाने दिलेलं नाही. आधी बदललं काय आणि स्कॅन बिघडल्यावर बदललं काय, शेवटी तिथेच पोचत असू तर तीन-तीन महिन्यांची धाकधूक आणि खर्च कशासाठी?

दुसरी बाजू, म्हणजे गाठ काढून झाल्यावर, आजार कुठेच दिसत नसताना रक्तात शोधत राहणं. ट्रिपल निगेटिव्हमधल्या सी-ट्रॅक टीएन चाचणीत रक्त पॉझिटिव्ह आल्यावर उपचाराच्या गटात ज्या ३२ जणी आल्या, त्यांतल्या २३ जणींच्या स्कॅनमध्ये आजार आधीच पसरलेला निघाला. म्हणजे ‘लवकर’ वाटलं ते लवकर नव्हतंच. १९९४ सालीच इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवलं होतं की लक्षणं नसताना वारंवार हाडांचे स्कॅन, छातीचे एक्स-रे काढून आयुष्य वाढत नाही. रक्ताची चाचणी त्याहून संवेदनशील आहे, कदाचित पुढे चित्र पालटेल, पण ‘पॅकेज’ म्हणून विकली जाते तेव्हा हा इतिहास कोणी सांगत नाही.

दोन_फिरक्या

इथे माझा थोडा मतभेद. एआय गोळ्यांवर आजार *वाढलाय* हे स्कॅनने सांगितलं, त्या क्षणी ईएसआर१ रक्तात बघणं हे ‘पॅकेज’ नव्हे, ते हवंच. एलासेस्ट्रंट या इस्ट्रोजेन रिसेप्टरवरच्या गोळीला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली ती रक्तातल्या ईएसआर१ वरच. त्या चाचणीत म्युटेशन असलेल्या सगळ्यांत आजार स्थिर राहण्याचा काळ १.९ वरून ३.८ महिने, म्हणजे फरक जेमतेम. पण आधीचं सीडीके४/६ औषध बारा महिने किंवा जास्त टिकलेल्या जणींत १.९ वरून ८.६. तेव्हा ‘ईएसआर१ आहे का’ याइतकाच ‘आधीची गोळी किती महिने चालली’ हा प्रश्न मोलाचा. हे कुठल्याही मशीनमधून येत नाही, फायलीतून येतं.

खारघरकर

मान्य. वाढीच्या वेळी बघा, शांत असताना रोज उकरू नका, असं लिहायला हवं होतं.

अनुवंश

जन्मजात बदलांबद्दल लिहिते, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

गाठीच्या रिपोर्टमध्ये बीआरसीए निगेटिव्ह म्हणजे घरात नाही, असं नाही. आणि गाठीत पॉझिटिव्ह म्हणजे जन्मजातच, असंही नाही. गाठीत सापडलेल्या बीआरसीए बदलाचं प्रमाण ५०%च्या आसपास असेल तर जन्मजात असण्याची शंका धरायची आणि साध्या रक्ताच्या नमुन्यावर स्वतंत्र चाचणी करायची. उलट बाजूने, बीआरसीएमध्ये कधी एखादं अक्षर नाही तर आख्खा एक्सॉन (जनुकाचा एक तुकडा) गायब असतो किंवा दुप्पट असतो. स्वस्त पॅनेल ते चुकवू शकतं. त्यासाठी एमएलपीए (तुकड्यांच्या प्रती मोजणारी चाचणी) वेगळं लागतं किंवा पॅनेलमध्ये प्रतींची मोजणी आहे असं लॅबने लिहून द्यावं लागतं. ‘बीआरसीए केलं, निगेटिव्ह’ यावर थांबण्याआधी हे एक वाक्य विचारा.

कोणाची करायची? अमेरिकन ऑन्कॉलॉजी संस्थांची २०२४ ची शिफारस: ६५ किंवा कमी वयाच्या प्रत्येक नव्या रुग्णाला बीआरसीए१ आणि २ ची चाचणी देऊ करावी. पसरलेल्या आजारात उपचारासाठीच लागते: हर-टू निगेटिव्ह आणि जन्मजात बीआरसीए असेल तर ओलापॅरिब ३०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, किंवा टॅलाझोपॅरिब. ही औषधं डीएनए दुरुस्तीचा दुसरा रस्ता बंद करतात. पहिला बीआरसीएचा रस्ता गाठीत आधीच बंद. निरोगी पेशीत एक चांगली प्रत शिल्लक असते म्हणून ती तगते. हिमोग्लोबिन मात्र उतरतं, दर महिन्याला सीबीसी चुकवू नका; आपल्याकडच्या बऱ्याच बायका मुळात ९-१० वर सुरुवात करतात.

‘व्हीयूएस’ हे रिपोर्टातलं सगळ्यात गैरसमजाचं अक्षर. अर्थ: बदल दिसला, पण तो घातक की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. त्यावरून औषध ठरवायचं नाही, अंडाशय काढायचे नाहीत, बहिणींची चाचणी करायची नाही. आपल्याला व्हीयूएस जास्त येतात याचं कारण साधं आहे: संदर्भाचे जुने जनुकसंग्रह बहुतांशी युरोपीय वंशाच्या माणसांचे. इथे सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदल तिथे ‘कधी न पाहिलेला’ ठरतो. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमधून (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र) आलेला टीएमसी-एसएनपीडीबी हा संग्रह, इंडिजेनचे हजारभर जनुकसंच, आणि आता जीनोम इंडियाचे सुमारे दहा हजार, यांनी ही फट बुजत चालली आहे. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीचा व्हीयूएस लॅबला परत तपासायला सांगा. बरेच व्हीयूएस ‘निरुपद्रवी’कडे सरकतात.

घातक बदल निघाला तर सख्ख्या बहीण-भावाला आणि प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता ५०%. भावाला, मुलाला सुद्धा. ‘तो पुरुष आहे, त्याला काय’ हे चालणार नाही, त्याच्याकडून पुढे मुलीकडे जातो. नातेवाइकांची चाचणी त्या एकाच जागेची करायची असते, पूर्ण पॅनेल नको, खर्च फार कमी येतो. अर्जासोबत मूळ रिपोर्टची प्रत जोडा, नाहीतर लॅब चुकीची जागा वाचते. आणि अलीकडे रक्त चढवलं असेल तर ते नमुना घेताना सांगा.

निळी_शाई

पीआयके३सीए निघालं तर गोळीने साखर चढते असं वाचलं. मधुमेह असलेल्यांना मग ती बंदच का?

खारघरकर

बंद नाही, पण तयारीशिवाय नाही. हॉर्मोन-पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आजारात साधारण ४०% जणींत पीआयके३सीए बदललेलं असतं, बहुधा ई५४२के, ई५४५के किंवा एच१०४७आर. हा बदल खोडातला, सुरुवातीपासूनचा, त्यामुळे जुन्या ब्लॉकवरही बहुतेकदा सापडतो (ईएसआर१च्या बरोबर उलट, हा फरक लक्षात ठेवा). गंमत अशी की हेच प्रथिन इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवतं. ते अडवलं की साखर रक्तात अडकते. शरीर मग जास्त इन्सुलिन सोडतं आणि ते जास्तीचं इन्सुलिन गाठीलाही खतपाणी घालतं. म्हणून इन्सुलिनची सुई हा पहिला उपाय नसतो. मेटफॉर्मिन आणि त्याच्या जोडीची औषधं आधी.

ती गोळी म्हणजे अल्पेलिसिब: ३०० मिग्रॅ, रोज एकदा, जेवणासोबत, फुल्वेस्ट्रंटच्या इंजेक्शनांबरोबर. सुरू करण्याआधी उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी. पहिले दोन आठवडे निदान आठवड्यातून एकदा उपाशी साखर, मग दर चार आठवड्यांनी. एचबीए१सी दर तीन महिन्यांनी. साखर चढते ती बहुधा पहिल्या पंधरवड्यातच, आणि डॉक्टरची पुढची तारीख नेमकी महिन्याने असते. घरात ग्लुकोमीटर हवा. अंगावर पुरळ हा दुसरा त्रास. त्यासाठी बरेच डॉक्टर सुरुवातीपासून अ‍ॅलर्जीची गोळी जोडतात.

दुसरी गोळी कॅपिव्हासर्टिब (४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, आठवड्याचे चार दिवस घ्यायची, तीन दिवस सुट्टी) साखरेला त्यामानाने सौम्य, जुलाबाला नाही. आणि एक नवं: हॉर्मोनच्या गोळ्या चालू असताना किंवा संपल्यावर वर्षभराच्या आत आजार परत आला आणि पीआयके३सीए असेल, तर पाल्बोसिक्लिब आणि फुल्वेस्ट्रंटला इनाव्होलिसिब जोडून आयुष्य २७ वरून ३४ महिन्यांवर गेलं. म्हणजे ही चाचणी आता दुसऱ्या फळीपर्यंत थांबवण्यासारखी राहिली नाही. पाल्बोसिक्लिब २०२३ पासून जेनेरिक मिळतं. बाकीच्यांची किंमत आणि मिळकत चाचणीच्या आधी विचारा. जे औषध घेताच येणार नाही त्याची म्युटेशन शोधण्यात पैसे घालवणं हा मला तरी शहाणपणा वाटत नाही.

रुळावरची_बाई

२१ जनुकांची ती चाचणी चौथ्या स्टेजला करून घ्या असं कोणी सुचवलं तर?

सूक्ष्मदर्शी

नको. ती ऑन्कोटाइप. न पसरलेल्या, हॉर्मोन-पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह गाठीला केमो द्यावी का, एवढाच तिचा प्रश्न. पसरल्यावर तो प्रश्नच उरत नाही.

अनुवंश

अवांतर आहे, पण परळच्या टाटा मेमोरियलचं काम इथे यायला हवं. पसरलेल्या आजारात स्तनातली गाठ काढली तर पुढचं पसरणं थांबेल, हा समज डॉक्टरांमध्येही होता. त्यांनी ३५० स्त्रियांवर चाचणी केली, २०१५ मध्ये निकाल छापला: एकूण आयुष्यात फरक नाही, गाठ काढलेल्यांत १९.२ आणि न काढलेल्यांत २०.५ महिने. घाव, दुर्गंधी, रक्तस्राव यासाठी शस्त्रक्रिया लागते ते वेगळं. दुसरी २०२३ ची: न पसरलेल्या आजारात, गाठ काढण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी तिच्याभोवती ०.५% लिग्नोकेन टोचलं. सोळाशेच्या आसपास स्त्रिया, भारतातली ११ केंद्रं. पाच वर्षांनी हयात ८६.४% ऐवजी ९०.१%. दाताच्या डॉक्टरकडे असतं तेच स्वस्तातलं औषध. कल्पना अशी की ते पेशीवरचे सोडियमचे दरवाजे अडवतं आणि शस्त्रक्रियेच्या धक्क्यात पेशींची हालचाल मंदावते. जनुक न वाचताही पसरण्यावर घाव घालता येतो तो असा.

निळी_शाई

शेवटचं. मूळ शस्त्रक्रिया एका हॉस्पिटलात, आता उपचार दुसरीकडे. ब्लॉक कसा मागायचा?

सूक्ष्मदर्शी

पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज, रुग्णाचं ओळखपत्र, डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. दुसरा कोणी जाणार असेल तर अधिकारपत्र. ‘स्लाइड द्या’ म्हणू नका, ‘स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक’ म्हणा. एनजीएसला स्लाइडवरचा रंगवलेला काप सहसा चालत नाही. ब्लॉक बरेच असतील तर पॅथॉलॉजिस्टला ‘जास्त गाठ असलेला’ निवडून मागा. निदान २०% पेशी गाठीच्या हव्यात. तेवढ्यावरसुद्धा म्युटेशन १०%च दिसते, कारण दोनांतली एकच प्रत बदललेली. त्याहून कमी असेल तर लॅबला गाठीचा भाग खरवडून घ्यायला सांगावं लागतं.

सगळा ब्लॉक देऊन मोकळे होऊ नका. ब्लॉक हॉस्पिटलातच ठेवून न रंगवलेले दहा काप मागितले तरी बहुतेक लॅबना पुरतात; एक काप रंगवून गाठ अजून शिल्लक आहे ना याची खात्री करून मगच पुढचे कापायचे. पाच-सात वर्षं जुन्या ब्लॉकमध्ये फॉर्मॅलिनमुळे सी अक्षराच्या जागी टी वाचलं जातं, तेव्हा ५%च्या खालची सी-ते-टी म्युटेशन रिपोर्टात दिसली तर लॅबला विचारा, खरी की फॉर्मॅलिनची.

काउंटर सोडण्याआधी ब्लॉकवर कोरलेला नंबर आणि हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टवरचा नंबर उभ्या उभ्या जुळवून घ्या, अ, ब, क सकट. ‘अ’मध्ये गाठ आणि ‘क’मध्ये नुसती काखेतली चरबी, असं असतं. ‘क’ घेऊन गेलात तर तीन आठवड्यांनी ‘कोणतीही म्युटेशन आढळली नाही’ असा स्वच्छ रिपोर्ट हातात येईल.